ड्रोव्हर्समधली शेवटची हाक

साल १९७१. गाड्या उभ्या करायला जागा हवी म्हणून ब्रॅकनथॉर्प गावातला 'ड्रोव्हर्स' पब पाडला, तो त्या वर्षीच्या मार्चमध्ये.

पबच्या गल्लीतले रविवार कसे असत, हे आता सांगूनही कुणाला पटायचं नाही. बायका सकाळीच मांस भाजायला ठेवत आणि पुरुष बारा वाजता ड्रोव्हर्समध्ये जात. दोन वाजता मालकीण मॉड घंटा वाजवून हाक द्यायची, "वेळ झाली, मंडळी! संपवा आणि घरी जा!" की पेले खाली, टोप्या डोक्यावर. हाकेआधी कुणी उठत नसे, हाकेनंतर कुणी रेंगाळत नसे. तिथेच राहणाऱ्या विनीने रविवारी घड्याळ म्हणून कधी पाहिलंच नाही. हाक गल्लीभर ऐकू यायची. ती आली की बटाटे ताटात.

शेवटच्या रविवारी मॉडने हाक दिली नाही. तिने घंटेच्या दोरीला हात घातला, तोंड उघडलं, आणि एप्रन तोंडाशी धरून ती वर निघून गेली. पुरुष चोरासारखे एकेक करून पांगले. दुसऱ्या दिवशी पाडायचं यंत्र आलं. इस्टरपर्यंत तिथे सपाट डांबर होतं.

इस्टरनंतरच्या रविवारी विनीचा नवरा आल्फ दाढी करून टोपी शोधू लागला.

"कुठे निघालास?"

"ड्रोव्हर्सला."

"तिथे डांबर आहे, आल्फ."

"मग डांबराची खुशाली विचारून येतो."

तो आला तीनला. पुढच्या रविवारी चारला. मग पार दिवेलागणीला. तोंडाला बिअरचा वास, कोटात तंबाखूचा धूर, आणि जेवायला बस म्हटलं की, "अजून हाक कुठे झालीये?" ताट तसंच परत जायचं. त्याच्या गालांची हाडं वर आली होती. जूनमध्ये शेजारचा सायलस रविवारी गेला तो परतलाच नाही. पोलिसांनी कालवासुद्धा ढवळून पाहिला. आता पाळी आल्फची, हे विनीला कुणी सांगायची गरज नव्हती.

पुढच्या रविवारी ती त्याच्यामागून गेली. भुरभुर पाऊस होता. मोकळ्या डांबरावर सात-आठ माणसं उभी होती, सायलस त्यांच्यातच. बारवर कोपर टेकावं तसे त्यांचे हात हवेत टेकलेले. विनीच्या स्कार्फमधून पाणी गळत होतं. त्यांचे खांदे कोरडे होते.

"आल्फ, जेवण गार होतंय."

त्याने मान वळवली. अनोळखी बाईकडे पाहावं तसं पाहिलं.

"बाई, या खोलीत बायका येत नाहीत."

तिने स्वतःच हाक देऊन पाहिली. एकाचाही हात हलला नाही.

मॉड समुद्रकाठी बहिणीकडे राहत होती. विनी बसने गेली. मॉडने चहा ओतला आणि कप पुढे सरकवायचं विसरून गेली.

"मला ठाऊक होतं. दर रविवारी पाय दुखतात माझे. दिवसभर उभं राहिल्यासारखे."

"एकदा ये, मॉड. दोन शब्द तर म्हणायचेत."

"आणि सगळेच बाहेर आले तर?"

"यायलाच हवेत की."

"दमलेय गं मी," मॉड म्हणाली. पण आली.

रविवारी दोन वाजता ती डांबराच्या कडेला उभी राहिली. घंटा नव्हती. आवाज जेमतेम निघाला.

"वेळ झाली, मंडळी. संपवा आणि घरी जा."

लाकडावर पेले टेकल्याचा आवाज झाला. स्पष्ट. एकामागून एक.

सायलस निघाला. आल्फ निघाला, विनीजवळून जाताना म्हणाला, "चल, भूक लागलीय."

विनीला हायसं वाटलं.

मग आणखी माणसं निघाली. ती आत गेलेली कुणी पाहिली नव्हती.

जुन्या धाटणीचे कोट. लाकडी तळाचे बूट. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. आपापल्या घरी निघाले होते, जेवायला.

मॉडने डोळे मिटून घेतले होते.

त्यांच्यात गुडघ्याखाली पँटला सुतळी बांधलेला एक जण होता. विनी लग्नाच्या वयाची असताना तिने त्याला, आपल्या बापाला, मातीत ठेवलं होतं. ती राहत होती ते घर त्याचंच.

आल्फ जेवायला बसला. मागच्या दाराची कडी निघाली. विनीने मागे न बघता तिसरं ताट मांडलं. आल्फने मान वर केली नाही. फक्त आपली खुर्ची जराशी सरकवून घेतली.

सायलसने घरी पोचताच जेवण गार का म्हणून आरडाओरडा केला. त्याची बायको महिन्याभरात लेकीकडे गेली ती कायमची. मॉड त्याच हिवाळ्यात वारली. 'आत कुणी राहिलंय का, बघ,' असं ती शेवटपर्यंत म्हणत होती, हे तिची बहीण सांगे. आल्फ पुढे बरीच वर्षं जगला. कुठल्याच पबची पायरी त्याने पुन्हा चढली नाही. त्याला एका गुरुवारी पुरलं.

त्या रविवारी दोनच्या सुमारास विनीने दर रविवारसारखी मागची कडी निघाल्याचं ऐकलं. पायपुसण्यावर बूट घासले गेले. एक जोडी. मग दुसरी.

तिने उसासा टाकला आणि आणखी बटाटे सोलायला घेतले.