गुणाबाईचे प्लास्टरचे हात

पटवून द्यायला हे लिहीत नाही. घडलं तेव्हा मी तिथे होते, एवढंच.

बेळगावातलं एक लहान खाजगी वस्तुसंग्रहालय. गेल्या डिसेंबरातला शनिवार, भर दुपार.

अंध लोकांना हात लावून पाहता येईल असं एक दालन तिथे उघडायचं होतं. मी रसायनशास्त्र शिकवते, प्लास्टर चांगलं जमतं, म्हणून साचे माझ्याकडे होते. खानापूरच्या गुणाबाई कुंभारणीचे, चाकावरच्या मडक्याभोवती धरलेले दोन्ही हात मी घडवले होते. त्यांच्यावर आपले हात ठेवले की मडकं कसं घडतं ते कळावं.

साचा घेताना ती म्हणाली होती, "हातास्नी काय बी कळंना झालंया गं. माती बी लागंना."

महिन्याभरात ती वारली.

दालन तपासायला सांबऱ्याची अबोली आली. जन्मांध. अंध मुलांना ब्रेल शिकवायची.

"आक्का, खरंच हात लावू ना? मागं एका ठिकाणी काचेवर हात ठेवायला लावला, आणि म्हणाले, आत तलवार आहे!"

हसत हसत तिनं त्या हातांवर हात ठेवले.

हसणं थांबलं...

"आक्का, हे गरम आहेत."

मी हात लावून पाहिला. थंडगार.

तिनं शेजारच्या ब्रेल पाटीवर बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"हितं काही लिहिलेलंच न्हाय."

लिहिलेलं होतं.

व्यवस्थापक नागेंद्र दारातून म्हणाले, "घ्या! एवढा खटाटोप केला, आन् मास्तरीणबाईंनाच वाचता येईना!"

ओढणीची पिन काढून मी अबोलीला विचारलं, बोटाला टोचून पाहू का. ती म्हणाली, "टोचा."

रक्त आलं. तिला कळलं नाही.

तिला बाहेरच्या बाकावर बसवून मी आत आले. का, ते सांगता येत नाही... तीच पिन मी प्लास्टरच्या तर्जनीला टोचली.

बाहेर अबोली किंचाळली.

"लई झालं नाटक," म्हणत नागेंद्रनी टेबलावरचा पेपरवेट उचलला आणि प्लास्टरच्या बोटांवर आपटला.

करंगळीचं टोक उडालं.

त्यानंतर बाहेरून जे ऐकू आलं, ते लिहिणार नाही. अबोलीच्या करंगळीवर ओरखडाही नव्हता. ती अजून तुटल्यासारखी ठणकते. डॉक्टर म्हणतात, नसा ठीक आहेत.

वाचता येत नाही, म्हणून तिची नोकरी गेली.

ते हात मी घरी आणले. फोडता येत नाहीत, टाकता येत नाहीत. कापसात गुंडाळून पेटीत ठेवले, कुलूप लावलं. "आता मऊ लागतंय," अबोली म्हणाली.

आज दुपारी मी कॉलेजात होते. घर बंद. घरात कुणी नाही.

तिचा फोन आला.

"आक्का, कापूस का काढला?"

मी पर्स चाचपली. पेटीची किल्ली तिथेच होती.

"आणि जरा हळू धरा ना... नखं लागतायत."

संध्याकाळ झाली आहे. मी अजून प्रयोगशाळेतच बसले आहे.