मायनी पोत

दळणाचा डबा खांद्यावर घेऊन निंबाआप्पा सुरतेतल्या नवागामच्या गल्लीत शिरले, तेव्हा शेजारची सरलाबाई दारातूनच हात हलवून बोलावत होती. चाळीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढून आप्पांचे कान पार गेले होते. त्यांची बायको प्रमिलाबाईसुद्धा त्यांच्याशी कारखान्यातल्यासारखी नुसते ओठ हलवून बोलायची.

सरलाबाईच्या फोनवर वाल्मिकचा कोणी मित्र होता म्हणे. वाल्मिक हा आप्पांचा एकुलता एक. प्लेगच्या साली सगळं सुरत पळालं, तेव्हा तोही गाडीच्या टपावर चढून खानदेशातल्या गावाकडे निघाला आणि पोहोचलाच नाही. चार वर्षं झाली त्याला. आता तो दवाखान्यात आहे, उद्या माणूस येईल, त्याच्याकडे आईची सोन्याची पोत द्या, असा निरोप होता.

आप्पांनी रिसीव्हर कानाला लावला. आणि त्यांना ऐकू आलं. अगदी स्वच्छ, शेजारी बसून बोलावं तसं.

"मायनी पोत देऊ नको, बा..."

वाल्मिकचाच आवाज. आप्पा तिथेच ओट्यावर बसून रडले. पोरगा पहिल्यापासून असाच, स्वतःसाठी कधी काही मागायचा नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रमिलाबाईच्या गळ्यातली पोत आपल्या हातांनी काढून त्या माणसाला दिली.

माणूस गेला तो गेलाच. प्लेगमध्ये पोरं हरवलेल्या आणखी तीन घरांत तसाच फोन गेला होता, हे मागाहून कळलं. चौकीत कोणीच गेलं नाही. चोरानं उजळ माथ्यानं फिरायचं आणि तोंड लपवायचं म्हाताऱ्यांनी. प्रमिलाबाई गळ्याभोवती पदर घट्ट गुंडाळून वावरू लागली.

मग एका दुपारी सरलाबाई तिला म्हणाली, "त्या दिवशी आप्पा यायच्या आधीच लाइन कट झालती. मी ठेवा, ठेवा म्हणते, तर ते धरूनच बसले."

प्रमिलाबाईने घरी येऊन हे ओठांनी सांगितलं. तेव्हा कुठे आप्पांनी आवाज काय म्हणाला होता ते तिला सांगितलं.

"पोऱ्या नको म्हणे," तिचे ओठ म्हणाले, "तरी तुम्ही दिधी?"

ती तडक सरलाबाईकडे गेली. आप्पा मागोमाग. फोन आठवडाभर बंदच होता, तरी तिने रिसीव्हर उचलून कानाला लावला.  मग आप्पांकडे वळून तिने आवाज न करता ओठ हलवले.

"पोऱ्या इचारस... माय, तुना गळामा काहीच का बर नही?"

पदर अजून गळ्याभोवती घट्टच होता.