भिंगरीला ठाऊक नव्हतं

पॅच नीट धरेपर्यंत तुम्हाला बसावंच लागणार आहे. त्या टायरांच्या चवडीवर बसा, कपडे काळे होतील पण पडणार नाही. शटर जरा खाली ओढून घ्या, गार वारा येतोय. आणि घाट आज रात्रीच उतरायचाय म्हणता ना? मग ऐका. ही इकडून तिकडून कानावर आलेली गोष्ट नाही. ज्याच्यावर ही वेळ आली तो माणूस माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला. ह्याच चवडीवर बसून त्यानं मला सगळं सांगितलं, आणि सांगताना चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता.

भिंगरी, तो शर्यतवाला, तुम्हाला माहीत असेल. नसला तर घरी मोठ्या भावाला विचारा, त्याच्या खोलीत फोटो असेल. आधी मोटरसायकलवर अजिंक्य. मग पडून गुडघा कामातून गेला, तेव्हा लोक म्हणाले, संपला. हा चारचाकीत जाऊन बसला आणि तिथेही अजिंक्य. दोन्हीकडचा मान एकाच माणसाला, असं आपल्याकडे दुसरं झालं नाही. त्याच्या गाड्यांचं इंजिन मी उघडायचो. हा माणूस गाडी आणून द्यायचा तेव्हा बॉनेटवर हात ठेवला की चटका बसायचा.

तर अशा शर्यतीच्या गाडीत दोघं असतात. एक चालवणारा. दुसरा डाव्या सीटवर, पुढचं वळण ओरडून सांगणारा. कारण त्या वेगात डोळ्यांना दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. भिंगरीच्या डाव्या हाताला जन्मभर मास्तर बसले. शाळेत भूगोल शिकवायचे, सुट्टी लागली की ह्याच्या शेजारी. त्यांची भाषा ठरलेली. ‘डावं तीन’, ‘उजवं पाच’. आकडा लहान तेवढं वळण आवळलेलं. एक म्हणजे जवळजवळ मागे फिरायचं, सहा म्हणजे पाय उचलायचाच नाही. भिंगरी कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही, पण मास्तरांनी ‘डावं’ म्हटलं की डोळे मिटून डावं.

मास्तर स्वतः मात्र गाडी अशी चालवायचे की सायकलवाला मागून घंटी वाजवेल. भिंगरी म्हणायचा, "मास्तर, तुम्ही स्टिअरिंगवर बसलात की गोगलगायसुद्धा हॉर्न मारेल."

भिंगरी गेला तो शर्यतीत नाही. अंथरुणात गेला. फुप्फुसं निकामी झाली होती. शेवटच्या दिवसांत डोळे मिटलेले असायचे आणि डावा हात चादरीवर गिअर शोधत फिरायचा. म्हणायचा, "मास्तर, पुढचं?" मग मास्तर खुर्ची ओढून कानाशी बसायचे आणि ह्या घाटाची वळणं त्याला एकेक करून सांगायचे. वहिनी, म्हणजे भिंगरीची बायको, तेव्हा खोलीबाहेर जाऊन उभ्या राहायच्या. त्या माउलीनं आयुष्यात एक शर्यत पाहिली नाही. ती डाव्याउजव्याची भाषा घरात बोलायची नाही, असा त्यांचा दंडकच होता. नवरा घराबाहेर पडला की त्या रेडिओसुद्धा बंद ठेवायच्या.

पहिला स्मृतिदिन आला. रविवारी खाली शहरात, मैदानावर, कार्यक्रम ठेवला होता. भिंगरीची शेवटची गाडी मध्ये उभी करायची आणि भोवती लोकांनी दोन शब्द बोलायचे. गाडी इथे वर, त्याच्या घरी. मुलगा परदेशातून त्याच दिवशी पहाटे उतरणार. मग गाडी खाली नेणार कोण? मास्तर म्हणाले, "मी नेतो. हळूहळू नेतो." वहिनी म्हणाल्या, "मग मीही तुमच्याबरोबर येते. सकाळी पोराला घ्यायला तिथे असेन."

शनिवार होता. दुपारी निघायचं, तर बॅटरी बसलेली. मी इथे चार्ज करून नेऊन लावली तोवर रात्रीचे साडेनऊ वाजून गेले. मी म्हटलं, सकाळी जा. वहिनी म्हणाल्या, "पोराचं विमान पहाटेचं आहे." संपलं. गाडीला मागे भिंगरीनं म्हातारपणी साधी सीट बसवून घेतली होती, त्या तिथे बसल्या. मास्तरांनी पुढे बसायला सांगितलं तर म्हणाल्या, "नको. ती जागा तुमची आहे." मास्तर उजवीकडे, स्टिअरिंगवर. डावी सीट मोकळी.

पहिली काही वळणं बरी गेली. मागून वहिनी बोलत होत्या. पोराला काय आवडतं, किती बारीक झालाय. मग बोलणं थांबलं. मास्तरांना वाटलं, डोळा लागला.

मग धुकं आलं.

तुम्ही घाटातलं धुकं पाहिलंय, पण हे तसलं नव्हतं. दिवे लावले की पांढरी भिंत, दिवे बारीक केले की काळी भिंत. बॉनेटचं टोक दिसेना. मास्तरांनी काच खाली करून डोकं बाहेर काढलं, तर स्वतःचा हात दिसेना. ते गाडी बाजूला घेऊन थांबले.

"मास्तर." वहिनींचा आवाज आला. "थांबू नका."

"काहीच दिसत नाहीये वहिनी. पाच मिनिटं थांबू."

"मला बरं वाटत नाहीये."

मास्तरांनी आतला दिवा लावला. वहिनींचा चेहरा राखेसारखा. घामानं केस कपाळाला चिकटलेले. एक हात जबड्याला, दुसरा छातीवर. त्या काही त्रागा करणाऱ्या बाई नव्हेत. नवऱ्याला न्यायला आले तेव्हासुद्धा ह्या बाईनं दाराला टेकून नुसती मान हलवली होती. त्या म्हणाल्या, "हत्ती बसलाय हो इथे."

फोनला रेंज नाही. मागेपुढे गाडी नाही. वर परत जावं तर तिथे रात्री डॉक्टर नाही. इस्पितळ घाटाच्या पायथ्याशी. मास्तरांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि तोंडानं वळणं म्हणायला लागले. आयुष्यभर पाठ होती. पण एक गोम होती. शर्यत व्हायची ती घाट चढताना. मास्तरांना वळणं खालून वर पाठ. आता उतरायचं, म्हणजे सगळं उलटं. डावं ते उजवं आणि शेवटचं ते पहिलं. तुम्ही बाराखडी उलटी म्हणून बघा. तीसुद्धा मागे कुणी तरी कण्हत असताना.

एक जमलं. दुसरं जमलं. तिसऱ्याला मास्तर चुकले.

डावं चाक खडीवर घसरलं. गाडी तिरकी होऊन थांबली. एक दगड सुटला... आणि खाली पडल्याचा आवाजच आला नाही.

 रिव्हर्स टाकून मास्तरांनी गाडी कशीबशी रस्त्यावर आणली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. मागे वहिनींचा श्वास करवतीसारखा चाललेला. ते पुटपुटले, "मला नाही जमत रे. मला नाही जमत."

मग मागचा श्वास एकदम शांत झाला. आणि वहिनी म्हणाल्या,

"डावं तीन."

मास्तरांनी डोकं वर केलं. "काय म्हणालात?"

"डावं तीन. मग सरळ. मग उजवं दोन, पुढे आवळतं."

आवाज वहिनींचाच. पण सपाट. शुद्धलेखन लिहिताना मुलं शब्द स्वतःशी म्हणतात ना, तसा.

मास्तरांनी डावं तीन घेतलं. रस्ता तिथे होता. सरळ घेतलं. होता. उजवं दोन. चाकाखाली डांबर. वळण पुढे आवळलं, अगदी तसंच.

"वहिनी, तुम्हाला हे कसं ठाऊक?"

"मला काय ठाऊक असणार? हे सांगताहेत, ते मी तुम्हाला सांगतेय."

"हे... कोण?"

वहिनी जरा चिडल्याच. "तुमच्या शेजारी बसलेत की. तुम्हाला ऐकू येत नाही?"

मास्तरांनी डावीकडे पाहिलं नाही. मला ते म्हणाले, मान वळवायची हिंमतच नव्हती. मान वळवली आणि तिथे कुणी नसलं तर? आणि असलं तर?

"उजवं चार," वहिनी म्हणाल्या. "डावं दोन. जोरात घ्या म्हणतात. गोगलगाय हॉर्न मारेल म्हणतात."

मास्तर रडत होते आणि गाडी चालवत होते. दुसरा गिअर. तिसरा. जन्मात कधी त्या घाटात तिसरा टाकला नव्हता. बाहेर काहीच नाही, नुसता पांढरा कापूस. वहिनी सांगत होत्या आणि हात फिरत होते. एका वळणावर मागचं चाक सरकलं, आणि मास्तरांनी न घाबरता ते सावरलं. आपण सावरलं, हे त्यांना नंतर कळलं.

असा घाट सरत आला. आता पायथा जवळ.

"उजवं पाच," वहिनी म्हणाल्या. "मोकळं. मग पूल."

मास्तरांनी पाय उचलला.

पूल नव्हता. तुम्हाला ठाऊक आहे, तुम्ही रोज वळशानं जाता. पूल पावसाळ्यात वाहून गेला. भिंगरी गेला, त्यानंतर. नवा रस्ता डावीकडे फुटतो, मातीचा. उजवीकडे दोन पिंपं आडवी ठेवलीत, आणि त्यांच्यापुढे नदी.

"वहिनी, पूल नाहीये आता."

"पूल, म्हणतात. पाय उचलू नका, म्हणतात."

मास्तरांनी ब्रेकवर उभं राहून गाडी थांबवली. इंजिन बंद पडलं. धुक्यात पिंपं कुठे, नवा रस्ता कुठे, काही कळेना. पुढे नदीचा आवाज. किती पुढे, तेही कळेना.

"का थांबलात, विचारताहेत," वहिनी म्हणाल्या. आता त्यांचे शब्द तुटायला लागले होते. "मास्तर... माझ्यानं... फार वेळ नाही निभायचं."

मग मास्तरांनी आयुष्यभर जे केलं होतं तेच केलं. समोरच्या काचेकडे बघत, डाव्या सीटला ऐकू जाईल असं, स्पष्ट सांगितलं.

"पूल पडलाय. पाणी आलं होतं, त्यात गेला. तुला ठाऊक नसणार. तू गेल्यावर पडला."

...

नदीचा आवाज तेवढा.

...

"विचारताहेत," वहिनी म्हणाल्या. "मी गेलो कधी?"

 भूगोलाच्या तासाला शेकडो पोरांना उत्तरं दिलेला माणूस. ह्याचं उत्तर कुठल्या तोंडानं द्यायचं?

"उद्या वर्ष होईल," ते म्हणाले. "घरीच गेलास. मी होतो शेजारी. वळणं सांगत होतो तुला. झोपेतच गेलास रे."

...

"आता वहिनींना घेऊन चाललोय. त्यांना इस्पितळात पोचवायचंय. त्यांना राहू दे इथे. पोरगं येतंय उद्या, त्याच्यासाठी राहू दे."

...

 वहिनींचा श्वाससुद्धा ऐकू येईना. मास्तरांनी मागे हात नेला. वहिनींचा हात सापडला. थंडगार.

मग त्या हाताची बोटं हलली.

"थांबा, म्हणतात. उतरून बघून येतो, म्हणतात."

डाव्या बाजूनं गार वारा आत आला. मास्तरांच्या डाव्या कानाला, गालाला धुकं लागलं. ते समोर बघत राहिले. डोळे मिटायचीही भीती, उघडे ठेवायचीही भीती.

पुढे धुक्यात खडी वाजली. एकदा. मग थोडी लांब, पुन्हा.

मग काहीच नाही.

मग वारा थांबला.

"आले," वहिनी म्हणाल्या. "डावं एक. अगदी आवळून. पुढे माती आहे. सावकाश..."

मास्तरांनी किल्ली फिरवली. स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवलं. उजव्या आरशाला काहीतरी घासून गेलं. पत्र्याचा आवाज. ते पिंप. चाकं मातीत शिरली, धडपडली, आणि वर चढली. समोर, जरा खाली, धुकं फाटलं आणि इस्पितळाच्या फाटकावरचा पिवळा दिवा दिसला.

त्यानंतर वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं वहिनींना आत घेतलं, दार लागलं, आणि मास्तर त्या लांबलचक बाकावर बसून राहिले. कुणीतरी पाणी दिलं, ते हातातच राहिलं. पहाटे कधीतरी ती बाहेर आली आणि म्हणाली, "वाचल्या. पण काका, ह्या अवस्थेत त्या तासभर तुमच्याशी बोलत होत्या म्हणता, ते शक्य नाही. त्या केव्हाच बेशुद्ध झाल्या असणार."

मास्तरांनी हातातलं पाणी तेव्हा कुठे प्यायलं. 

उजाडल्यावर मुलगा विमानतळावरून थेट तिथे आला. मास्तरांच्या फोनवरून मीही पोचलो, गाडी मैदानावर न्यायची होती म्हणून. वहिनी शुद्धीवर होत्या. तोंडावर प्राणवायूची नळी. पोराचा हात हातात. त्यांनी मास्तरांना खुणेनं जवळ बोलावलं, नळी जरा बाजूला केली आणि हळूच विचारलं,

"मास्तर, हे उतरले का गाडीतून?"

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघं खाली गेलो. लख्ख ऊन पडलं होतं. गाडी चिखलानं माखलेली, एक आरसा मोडलेला. डावं दार मी उघडलं.

त्या गाडीला शर्यतीचे पट्टे होते. खांद्यांवरून दोन, कमरेवरून दोन, पोटावर एकच बक्कल. मोकळे असले की सीटवर चिंध्यांसारखे पडून राहतात.

ते पडलेले नव्हते. चारही पट्टे बकलात अडकवलेले होते... आवळून... ताठ. आणि पट्टे आणि सीट यांच्यामध्ये, एक माणूस मावेल एवढी जागा होती.