धाकटीच्या नावाची बाटली

त्या दुपारी कंपाउंडरबाई घराबाहेर पडल्या त्या धाकटीच्या झोपेच्या गोळ्या आणायला. काम साधं, दुकान कोपऱ्यावरच. पण बाईंनी चौतीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीमागे बसून औषधं करून दिली होती. दुकानदारानं पाकीट पुढे सरकवलं, तसं त्यांनी ते उलटंपालटं करून तारीख वाचली, गोळी कोणत्या कंपनीची ते बघून नाक मुरडलं आणि मगच पिशवीत टाकलं. ही चौथ्या तऱ्हेची गोळी. आधीच्या तिन्ही पाण्यात गेल्या होत्या.

धाकटी म्हणजे त्यांची पाठची बहीण. नवरा गेल्यावर ती थोरलीकडेच राहायला आली, त्याला आठ महिने झाले होते, आणि त्या आठ महिन्यांत तिचा तासभरही सलग डोळा लागला नव्हता. पापणी मिटली की दचकून उठायची. गाल बसले, हात थरथरू लागले. दूध उतू जायचं आणि ही समोर उभी राहून बघत असायची. असंच चाललं तर हृदय दमेल, असं डॉक्टर बाईंना बाजूला घेऊन म्हणाले होते. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मनाशी म्हटलं, आजवर आपल्या हातचा पेशंट वाया गेला नाही, ही तर आपली बहीण.

घरी आल्या तर धाकटी टीव्हीसमोर. पडदे ओढलेले, कारण उजेड तिला सोसत नसे. तिच्या लेकीनं वेळ जावा म्हणून पाठवलेला तो टीव्हीवरचा व्हिडिओ-खेळ आता घरातलं तिसरं माणूस झाला होता. त्यात एक बाई होती, डोक्यावरून टोपडं ओढलेली. ती कायम पाठमोरी, चेहरा कधी दिसायचाच नाही. या दोघी तिला टोपडीवाली म्हणायच्या. तिला रानोमाळ हिंडवायचं, दलदलीतून, पडक्या बुरुजांतून मुळ्या, बुरशी, पिसं गोळा करायची आणि कढईत टाकून जादूचे काढे करायचे. कृती मात्र कुणी हातात देत नाही. चिटोरं कुठेतरी दडवलेलं असतं, ते हुडकायचं.

बाईंनी आधी या खेळाला खूळ म्हणून बाजूला टाकलं होतं. पण धाकटी कढईत मूठमूठ काहीही टाकायची आणि काळा गाळ करून ठेवायची, ते त्यांना बघवेना. एके दिवशी त्यांनी तिच्या हातून कंट्रोलर काढूनच घेतला. जड ते आधी, हलकं ते शेवटी, इतकंही कळत नाही का तुला, म्हणाल्या. त्या दिवसापासून वाटणी झाली. हिंडणं धाकटीचं, कालवणं थोरलीचं. कृती लिहायला एक वहीही झाली, आणि काढा जमला की धाकटी चक्क हसायची. त्या हसण्यासाठी बाई रोज बसायच्या.

त्या दुपारी एका दुर्मीळ काढ्याचं तिसरं चिटोरं सापडलं होतं. गाढ झोपेचा काढा. पहिला तुकडा विहिरीच्या पायरीखाली मिळाला होता, दुसरा बुडालेल्या नावाड्याच्या खिशात, आणि आता हा तिसरा घुबडाच्या घरट्यात. विझलेल्या चुलीतली राख, मैलाच्या दगडाच्या सावलीकडच्या अंगाला उगवणारी निळी बुरशी आणि आंधळ्या घुबडाचं पीस. महिनाभर जमवलेलं सगळं थैलीत तयार होतं. बाईंनी पदर खोचला, आधी राख, मग बुरशी, शेवटी पीस. कढई निळी झाली. बाटली भरली, आणि पडद्यावर एक कोरी चिठ्ठी आली. बाटलीवर काय लिहायचं?

दुसऱ्या कुणी झोप असं लिहिलं असतं, नाहीतर कोरीच ठेवली असती. पण पेशंटचं नाव लिहिल्याशिवाय बाईंनी जन्मात बाटली खिडकीबाहेर सरकवली नव्हती. बोटं आपोआप चालली. त्यांनी लिहिलं, धाकटी.

टोपडीवाली वळली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा वळली. टोपड्याच्या आत नुसता काळोख होता. तिनं बाटली पडद्याबाहेर द्यावी तशी पुढे धरली आणि ती घटाघटा रिकामी झाली. तेव्हा कुठे बाईंना आठवलं, नावानंतर आपण दवाखान्यात आणखी एक गोष्ट करायचो. कागदाच्या पट्टीला कात्रीनं कंगोरे पाडून ती बाटलीला चिकटवायचो. एक कंगोरा, एक डोस. पट्टी नसेल तर माणूस सगळं एकदम पिऊन मोकळा होतो.

“ताई… किती गार वाटतंय गं,” धाकटी म्हणाली, आणि तिनं सोफ्याच्या हातावर डोकं टेकलं.

ती झोपली. बाईंनी तिच्या अंगावर पांघरूण घातलं, टीव्ही बंद केला आणि आठ महिन्यांनी पहिल्यांदा स्वतःही पाठ टेकली. काढ्याचा आणि झोपेचा संबंध त्यांच्या डोक्यातही आला नाही. धाकटीनं आपली आपण गोळी घेतली असेल, ती लागू पडली, एवढंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी उठली नाही. झोपू दे, खूप थकलीय, असं म्हणत बाईंनी दुपार केली. संध्याकाळी हलवलं, तोंडावर पाणी मारलं. काही नाही. श्वास चालू, पण इतका सावकाश की पुढचा येतो की नाही म्हणून वाट बघत बसावं. डॉक्टर परगावी होते, ते तिसऱ्या दिवशी दुपारी आले. नाडी अठ्ठेचाळीस. गोळ्या किती घेतल्या, असं त्यांनी विचारलं, तेव्हा बाईंनी पिशवी उघडली. पाकीट आत तसंच होतं, एकही गोळी फोडलेली नव्हती.

डॉक्टरांनी पाकीट परत पिशवीत ठेवलं. मग म्हणाले की ते मोठ्या इस्पितळात खाट बघतात, पाचपर्यंत गाडी येईल, तोवर बाईंनी नाडी मोजत राहावी. चाळीसच्या खाली गेली तर लगेच फोन करावा.

तेव्हा अडीच वाजले होते. घरात फ्रिजची घरघर तेवढी होती. बाईंनी मनगट हातात घेतलं. सेहेचाळीस. गोळी तर पोटात गेलीच नव्हती; धाकटीच्या नावानं गेली होती ती पडद्यावरची बाटली. बाई डगमगणाऱ्या नव्हत्या, आणि आपल्या हातून काय झालं ते एकदा कळलं की त्यावर पांघरूण घालणाऱ्याही नव्हत्या. बाटली माझ्या हातून गेली, तर उताराही माझ्याच हातून जाईल, असं त्यांनी ठरवलं आणि टीव्ही लावला.

आधी भाचीला फोन केला. ती आईची खबर ऐकून निघाली होती, गाडीतच होती. बाईंनी आडवळण न घेता विचारलं, त्या काढ्याला उतारा कुठे मिळतो?

भाची आधी चिडली. आई तशी पडलीय आणि तुला खेळ सुचतोय, म्हणाली. मग मावशीचा आवाज ऐकून वरमली.

“मावशी, उतारा नाहीच त्यात. तो काढा राक्षसाला पाजायचा असतो,” ती म्हणाली. “आणि बाटलीवर नाव कुठे लिहिलंस तू? तशी सोयच नाहीये त्या खेळात…”

बाईंनी फोन ठेवला.

रस्ते सगळे धाकटीला पाठ. थोरलीला चालवणंही धड जमेना. टोपडीवाली झाडांवर आपटली, दलदलीत गुडघाभर रुतली. बाईंनी तिला थांबवलं आणि विचार केला. चुकीचं औषध गेलेला पेशंट कुठे जातो? जिथून दिलं त्या खिडकीशीच परत येतो. मग खिडकी शोधायची.

दलदल संपली तिथे एक बोळ होता. आजवर कधी दिसला नव्हता. दोन्ही बाजूंना बंद घरं, आणि टोकाला एक पिवळा दिवा. जवळ गेल्या तशी खिडकी दिसली. तिला लाकडी फळी होती, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या कोपरांनी त्या फळीला मधोमध खळगा पडला होता. तो खळगा बाईंना अनोळखी नव्हता. खोलीत एकाएकी स्पिरिटचा वास पसरला, ओल्या कापसाचा आणि कडू मिक्श्चरचा. टीव्हीला वास नसतो, हे बाईंना माहीत होतं. त्यांनी पदर नाकाला लावला आणि पुढे बघितलं.

खिडकीमागे कुणीच नव्हतं. बाई पाच मिनिटं समोर उभ्या राहिल्या. मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. त्या कधी या बाजूला उभ्या राहिल्या होत्या? वळसा घालून त्यांनी टोपडीवालीला मागच्या दारानं आत नेलं.

आत बरण्याच बरण्या होत्या. कृतीचं चिटोरं मात्र कुठेही नव्हतं. नसेना का! चौतीस वर्षांत डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही, तरी बाईंचं औषध अडलं नव्हतं. विझलेली राख होती, तर आता धगधगता निखारा. सावलीची बुरशी होती, तर उन्हाकडचं शेवाळ. आंधळ्या घुबडाच्या जागी पहाटे बांग देणाऱ्या कोंबड्याचं पीस. आणि क्रमही उलटा, हलकं ते आधी, जड ते शेवटी. तिन्ही बरण्या हाताशीच निघाल्या. निखारा पडला तशी कढई नारिंगी झाली. बाटली भरली, चिठ्ठी आली, नाव लिहिलं. मग बाईंनी खण उघडला. त्यात कात्री होती. त्यांनी पट्टी कापली, मोजून आठ कंगोरे.

आता एकच उरलं. औषध तयार झालं की पेशंटला खिडकीतून नावानं हाक मारायची.

एका हातात कंट्रोलर, दुसऱ्या हातात धाकटीचं दोन बांगड्यांचं थंड मनगट. बेचाळीस. बाई टीव्हीकडे बघून म्हणाल्या,

“धाकटे… औषध तयार आहे.”

खिडकीबाहेरचा काळोख हलला.

“आले गं ताई… जरा रांग आहे.”

आवाज टीव्हीतून आला होता. बाईंनी मान वळवून बघितलं. सोफ्यावर धाकटीचे ओठ मिटलेले होते.

बाईंनी बाटली खिडकीच्या फळीवर ठेवली. खिडकीत एक हात आला, मनगटाशी दोन बांगड्यांचा. बाईंनी पहिल्या कंगोऱ्यापर्यंत दिलं आणि थांबल्या. नाडी मोजली. चव्वेचाळीस. दुसरा कंगोरा. अठ्ठेचाळीस. घाई केली नाही, मध्ये मध्ये धाकटीचे तळवे चोळले, पुन्हा मोजलं. बाहेर इस्पितळाच्या गाडीचा भोंगा वाजला तेव्हा सातवा डोस जात होता. आठव्याला नाडी अडुसष्ट झाली आणि धाकटीनं डोळे उघडले. समोर बघून म्हणाली, “भूक लागलीय.”

डॉक्टरांनी दोनदा तपासलं, गाडी परत पाठवली आणि बाईंना म्हणाले, तुम्ही काय केलंत? डोस चुकला होता, तो बरोबर केला, असं बाई म्हणाल्या. ती त्यांना थट्टा वाटली.

त्या रात्री धाकटी आठ तास झोपली, आपली साधी झोप, घोरणारी. लेक उशाशी बसून होती. बाईंनी खेळ खोक्यात घालून माळ्यावर टाकला आणि आपलं काम चोख झालं या समाधानात त्याही झोपल्या.

सकाळी दोघी बहिणी चहा घेत बसल्या होत्या. धाकटीच्या गालांवर रंग आला होता. बाईंनी सहज विचारावं तसं विचारलं, “काल कुठे होतीस गं?”

“रांगेत. खूप जणी होत्या, खूप जण होते. किती दिवसांचे उभे होते कोण जाणे.” धाकटीनं चहात फुंकर घातली. “तू हाक मारलीस, तशी माझ्या पुढच्या बाईनं वाट दिली. मी म्हटलं, तुमचा नंबर आधी आहे.”

“मग?”

“म्हणाली, जा तू. आम्हाला घाई नाही… तुझ्या ताईचं घर कळलंय आता.”