पॉइंटर डावीकडे जातो

धम्मपाल माझ्यासाठी आलाच नव्हता. तो आला होता शेजारच्या टेबलावरचा प्रिंटर दुरुस्त करायला. मी माउस आपटला आणि त्याने मान वळवली... एवढंच.

"मारून चालत नाही तो," तो म्हणाला.

"मग तू चालवून दाखव."

अनोळखी माणसाला सरळ अरे-तुरे. साकीनाक्याचं ऑफिस, खिडकी नाही, खालच्या वर्कशॉपमधून रंगाच्या पावडरीचा जळका वास. त्यात तीन दिवस डोकं फिरलेलं. अहो-जाहो कुणाला सुचणार?

काम सांगते. झोपडपट्टी पुनर्विकासातल्या लोकांचे स्कॅन केलेले कागद मी तपासते. कुणाला नवी खोली मिळणार, कुणाला नाही. स्क्रीनवर दोन बटणं. डावीकडे 'पात्र', उजवीकडे 'अपात्र', एकमेकांना चिकटून. ज्या हुशाराने ती चिकटवली, त्याचं स्वतःचं घर कधी कुणाच्या बोटावर टांगलेलं नसणार. एकदा दाबलं की मला मागे घेता येत नाही, फक्त चंद्रप्रकाश सरांना येतं. आणि मंगळवारपासून माझा पॉइंटर पिसाळला होता. हात बोटभर सरकवला की हा स्क्रीनच्या टोकाला.

धम्मपाल खुर्ची ओढून बसला. जरा जास्तच जवळ... चंदनाच्या साबणाचा वास आला.

"व्हर्च्युअल मशीन आहे हे. कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर," तो म्हणाला. "बाहेरचा माउसचा वेग वाढवतो, आतला परत वाढवतो. दोन बायकांनी एकाच आमटीत मीठ घातलं ना, तसं."

"बायकांनीच का? पुरुषांचे हात झडलेत?"

"माझ्या घरी मीच घालतो. खाऊन बघ एकदा."

"आधी माउस नीट कर... मग आमटीचं बघू."

त्याने वेग वाढवणारी सेटिंग बाहेरही बंद केली, आतही. दोन्ही मशिनींची ओळख करून देणारं एक छोटं सॉफ्टवेअर उडालं होतं, ते परत टाकलं. पॉइंटर शहाण्यासारखा हाताबरोबर चालायला लागला.

मी पुढची फाइल उघडली. शांताबाई, असल्फा, खोली नंबर एकशे चौदा. जुनं वीजबिल नाही. नियमाने अपात्र. मी माउस उजवीकडे सरकवला.

पॉइंटर डावीकडे गेला.

दुसरी फाइल उघडून बघितली. तिथे ठीक. परत एकशे चौदा. परत डावीकडे... म्हातारं माणूस भिंत धरून चालतं तसा, थांबत थांबत.

"तू करतोयस ना?"

"माझे हात बघ."

त्याचे दोन्ही हात मांडीवर होते. त्याने वाकून माउसची वायर उपसली. पॉइंटर चालतच राहिला. 'पात्र'पाशी पोचला आणि तिथेच थरथरत उभा राहिला. खालचं वर्कशॉप नेमकं तेव्हाच बंद पडलं. मला माझाच श्वास ऐकू येत होता.

"नेटवर्क स्लो असेल," तो म्हणाला. मग वायर टेबलावर ठेवून, "खोटं बोललो. हे काय आहे, मला माहीत नाही."

'माहीत नाही' म्हणणारा पुरुष या ऑफिसात मी पहिल्यांदा बघितला. तो मला तिथेच आवडला.

वायर परत लावून मी फाइलची पानं हळूहळू सरकवली. शेवटचं पान उलटं स्कॅन झालेलं. वीजबिल. गेले तीन दिवस पॉइंटरच्या उड्यांमुळे माझी पानंच्या पानं बघायची सुटत होती.

"मंगळवारपासून मी एकसष्ट घरं अपात्र केलीत," मी म्हणाले. "उद्या यादी लागतेय."

"ते सॉफ्टवेअर माझ्या अपडेटने उडालं. मंगळवारी, अकरा वाजता. मी टेस्ट केलं नव्हतं."

"सरांना सांगितलंस तर तुझं काम जाईल."

"तुझंही."

"मग?"

"मग काय... चल ना."

चंद्रप्रकाश सरांनी सगळं ऐकून आधी त्याचं आडनाव विचारलं.

"आडनावाने माउस बिघडला नाही, सर," मी म्हणाले.

सर लाल झाले. पण धम्मपालने अपडेटची नोंद आधीच हेड ऑफिसला मेल केली होती. एकसष्ट फाइली उघडाव्याच लागल्या. त्याचं कंत्राट चार वाजेपर्यंत गेलं. माझी नोकरी महिनाअखेरपर्यंतच.

शुक्रवारी यादी लागली आणि संध्याकाळी आम्ही दोघं असल्फ्याची टेकडी चढलो. कशाला, ते दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही.

एकशे चौदाचं दार शांताबाईंनीच उघडलं. हडकुळ्या, ताठ. उजवा हात ओढणीने गळ्यात बांधलेला.

"मावशी, यादीत तुमचं नाव आलंय," मी सांगितलं.

"बरं झालं बाई. आता सुटेल हा."

"कोण?"

"हात गं. मंगळवारी अकरा वाजल्यापासून काल दुपारपर्यंत कुणीतरी उजवीकडे ओढत होतं. मी काय सोडते? या, चहा टाकते... डाव्या हाताने."

धम्मपालने माझ्याकडे बघितलं. दिवस आणि वेळ आम्ही त्यांना सांगितलीच नव्हती.

चहा प्यायलो. उतरायला लागलो. गल्ली अरुंद, पायऱ्या ओल्या, दारादारातून लोक बघत होते.

"हात सोड ना," मी हळूच म्हणाले. "लोक बघतायत."

"मी कुठे धरलाय?"

मी खाली बघितलं. त्याची बोटं मोकळी होती. त्याच्या मनगटाभोवती घट्ट आवळलेली बोटं माझी होती, आणि ती मी केव्हा आवळली, मला आठवेना.

"सोडवू?" त्याने विचारलं.

"नको," मी म्हणाले. हे मात्र मीच म्हणाले.