ओल्या विंझण्याचा वारा

गाड्या दुरुस्त करणाऱ्याची स्वतःची गाडी कधीच धड नसते. कुठल्याही गॅरेजात जाऊन बघा. मी बद्रीनाथ, कडा गावात गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. पंचवीस वर्षं लोकांचे दिवे, हॉर्न, पंखे चालू करून दिले, आणि माझी जुनी मारुती मात्र... तिचंच सांगतो. बसा. आधी पाणी घ्या. ही गोष्ट कोरड्या घशानं ऐकायची नाही.

२०१३ चं साल होतं. ऊसच नव्हता, त्यामुळे कारखान्याचं धुराडं लवकर थंड झालेलं. अर्धा तालुका जनावरं घेऊन सोसायटीच्या चारा छावणीत राहायला गेलेला. आखितीचा दिवस, सकाळचे दहा. मी एका मित्राच्या बोअरवरून एक घागर पाणी भरून घेतलं, तोंडाला फडकं बांधलं आणि गाडीत पुढच्या सीटसमोर पायांच्या जागेत ठेवून घराकडे निघालो. एवढंच काम होतं.

आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आखिती म्हणतात. घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं त्या दिवशी मातीची नवी केळी, म्हणजे लहान मडकं, पाण्यानं भरायची, वर आंबा ठेवायचा. उन्हाळ्यात त्यांनाही तहान लागते म्हणतात. माणूस गेल्यावरची पहिली आखिती तर चुकवायचीच नाही. माझी आई केशरबाई आदल्या वर्षी आखितीनंतर आठव्या दिवशी गेली होती. ती तहानलेलीच गेली, म्हणून ही घागर मला फार मोलाची होती.

ती कशी गेली तेही सांगायला हवं. तेव्हा ती शिवकन्येकडे, म्हणजे माझ्या बहिणीकडे, डोंगरावरच्या वस्तीवर राहायला गेली होती. तिथं तिला ऊन लागलं. मी याच गाडीत तिला दवाखान्यात नेत होतो. वाटेत मोठ्या बाभळीच्या चढाला टेंपरेचरचा काटा लाल खुणेवर गेला आणि बॉनेटमधून वाफ आली. रेडिएटरचा पंखा फिरत नव्हता. इंजिन तापलं की पंखा आपोआप चालू करणारं एक बटण असतं, ते मेलं होतं. त्याच्या दोन वायरी काढून एकमेकींना जोडल्या असत्या तर दोन मिनिटांत काम झालं असतं. कुणाचीही गाडी असती तर मी तेच केलं असतं. पण मागे आई होती, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी पंख्याची मोटार खोलत बसलो. अर्धा तास गेला.

आणि आई काय करत होती? दार उघडून खाली उतरली, माझ्यामागे उभी राहिली आणि मलाच वारा घालू लागली. तिच्याकडे शिंदीच्या पानांचा विंझणा असायचा, कायम पिशवीत. तो ती पाण्यात बुडवून घ्यायची, म्हणजे वारा गार लागतो, तोंडावर चार थेंब उडतात. लहानपणी आम्ही झोपलो की घालत बसायची. एक सवय होती तिची, आपण ‘पुरे’ म्हणेपर्यंत थांबायची नाही. त्या दिवशी बाटलीतलं शेवटचं पाणी तिनं विंझण्यावर ओतलं होतं. मी चिडलो. मागे न बघता म्हणालो, “पुरे आई! पुरे कर आता!”

वारा थांबला. मी वळून पाहिलं तेव्हा ती बाभळीला टेकून बसलेली होती. विंझणा मांडीवर होता, आणि आई नव्हती.

त्यानंतर मी ते बटणच काढून टाकलं आणि पंखा डायरेक्ट केला. चावी फिरवली की पंखा सुरू, चावी काढेपर्यंत बंद होणार नाही. गिऱ्हाइकाला मी हे कधी करू देत नाही, कारण सतत फिरून मोटारीचे कार्बन, म्हणजे तिला आत करंट पोचवणारे तुकडे, झिजतात. पण मला तो आवाज सतत ऐकू यायला हवा होता. वर्षभर तो ऐकत गाडी चालवली.

तर त्या आखितीला मी घराजवळ पोचलो आणि शिवकन्येच्या सासूचा, छबुबाईंचा फोन आला. शिवाला आठवा महिना होता, अचानक कळा सुरू झाल्या होत्या. नवरा बैलं घेऊन छावणीत. अँब्युलन्सला दीड तास लागणार होता.

“बद्रीभाऊ, लवकर या... पोरगी गार पडायलीय.”

मी तशीच गाडी वळवली. घागर उतरवायचंही सुचलं नाही.

वस्तीवरून शिवाला मागच्या सीटवर झोपवलं, तिचं डोकं छबुबाईंच्या मांडीवर. त्या डोंगरातून दवाखान्याला जायला दुसरा रस्ता नाही. वर्षभर मी तो टाळला होता, येतानाही घाईत त्या झाडाकडे बघितलं नव्हतं. बाभळीचा चढ आला, मी बघायचं नाही म्हणून समोर बघत राहिलो, आणि माझ्या लक्षात आलं की पंख्याचा आवाज येत नाहीये.

काटा लाल खुणेवर होता. त्याच जागी वाफ निघाली.

भर दुपार होती. रात्रीपेक्षा ती दुपार वाईट. सावली झाडाखालीच दडलेली, एक पाखरू नाही, विहिरी इतक्या कोरड्या की त्यांच्यातून खोकल्यासारखा वारा निघायचा.

“काय झालं, दादा?” शिवानं विचारलं.

“काही न्हाई. दोन मिनिटं.”

“हे तेच झाड हाय का रे...?”

या वेळी मात्र चुकायचं नव्हतं. इंजिन बंद केलं, चावी चालूच ठेवली. फ्यूज पाहिला, चांगला. पंख्याचा प्लग उपसून त्यात टेस्टिंगचा दिवा लावला, तो पेटला. म्हणजे करंट येत होता. मोटारच बसली होती. प्लग परत लावून पान्याच्या मागच्या बाजूनं मोटारीवर ठोकलं. कधीकधी अडकलेला कार्बन सुटतो. पंखा दोन फेरे फिरला आणि थांबला. पुन्हा ठोकलं, हललाही नाही. कार्बन पार संपले होते. माझ्याच डायरेक्ट करण्यानं संपले होते. आईला आपणच मारलं या भीतीपोटी केलेलं काम आता बहिणीच्या जिवावर उठलं होतं. मी प्लग पुन्हा काढला आणि वायर तशीच लोंबत सोडली. बिनकामाच्या मोटारीला कशाला जोडायची?

आत शिवा ओरडली. छबुबाई म्हणाल्या, “भाऊ, पाणी फुटलं... काय करायचं ते करा.”

रेडिएटर रिकामा होता. पाणी होतं ते फक्त घागरीत.

मी घागर उचलली. फडकं सोडताना रडूच आलं, लपवून काय उपयोग. “आई,” मी म्हणालो, “तुझं पाणी घेतोय गं. तुला तहान लागली असंल. पण शिवासाठी घेतोय.”

ओली चिंधी धरून झाकण जरा सैल केलं, वाफ जाऊ दिली. मग गाडी चालू करून सावकाश, बारीक धारेनं पाणी ओतत गेलो. तापल्या इंजिनात एकदम ओतलं तर हेड तडकतं. घागर संपली. झाकण लावलं. पंख्यावाचून तीन कोससुद्धा जाणार नाही हे मला ठाऊक होतं.

तेव्हा पंखा हलला.

मोटारीचा घर्रर्र आवाज नव्हता तो. एक झुळूक, मग थांबा. एक झुळूक, मग थांबा. पातं निम्मं जायचं आणि परत यायचं. माणसाचा हात जाऊन येतो तसं. आणि त्या वाफेत, तेलाच्या जळक्या वासात, मला भिजलेल्या शिंदीच्या पानांचा वास आला. माझ्या कपाळावर गार थेंब पडले.

भ्यालो, खोटं कशाला बोलू. पण मी बॉनेट पाडलं आणि गाडी काढली.

काटा खाली येऊ लागला. समोरून फक्त तो आवाज, झुळूक आणि थांबा. छबुबाईंनी डोक्यावर पदर घेतला होता आणि डोळे मिटून हात जोडले होते. गाव दिसायला लागलं तेव्हा शिवा हळूच म्हणाली,

“दादा... तिचा हात दुखत आसंल रे.”

“कुणाचा?”

मी आरशात बघितलं. तिच्या गालावर पाणी होतं. घाम असेल, मी स्वतःला सांगितलं.

अडीच वाजता मुलगी झाली. बारीकशी, पण रडली जोरात. बाळ-बाळंतीण ठीक आहेत असं नर्स म्हणाली, आणि मी बाहेर गाडीपाशी आलो. चावी माझ्या खिशात होती. पंखा चालूच होता.

बॉनेट उघडलं. प्लग मी सोडला होता तसाच लोंबत होता. आणि पातं जात होतं, येत होतं, दमलेल्या हातानं घालावं तसं. मला फक्त एक शब्द बोलायचा होता. तो जिभेवर आलाही. पण मागच्या वेळी तो शब्द बोलून मी काय गमावलं ते मला ठाऊक होतं. मी बोललो नाही. गाडीसमोर मातीत बसलो आणि तो वारा तोंडावर घेत राहिलो. कधी थांबला मला कळलं नाही, कारण मला तिथंच झोप लागली होती.

घरी गेलो तेव्हा बायकोनं, सरस्वतीनं, केळी मांडून ठेवली होती. कोरडीच. “लई वाट बघितली तुमची,” ती म्हणाली. मी तिला रिकामी घागर दाखवली. त्या वर्षी आईची केळी भरलीच नाही.

नंतर मोटार खोलून पाहिली. आत कार्बन नव्हते, नुसती काळी भुकटी. नवीन बसवली, नवं बटणही लावलं. जुनी मोटार पंख्यासकट दुकानातल्या फळीवर ठेवली. भंगारवाले मागतात, देत नाही.

शिवाच्या मुलीचं नाव केशर ठेवलं. आता अकरा वर्षांची आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या दुकानात येते, दुपारी जुन्या सीटवर झोपते. लाईट गेलेली असली तरी तिच्या कपाळावरचे केस हलत असतात. मी फळीकडे बघत नाही. तिला यातलं काहीही सांगितलेलं नाही, शिवानंही नाही. विंझणा म्हणजे काय हेदेखील त्या पोरीला माहीत नसेल.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. दुपारची वेळ, लाईट नव्हती, मी एका ट्रॅक्टरचा स्टार्टर खोलून बसलो होतो. केशर झोपेत कुशीवर वळली आणि वैतागून म्हणाली,

“पुरे ना आता... पुरे.”

मी पाना खाली टाकला. धावत गेलो, तिच्या छातीवर हात ठेवला. श्वास चालू होता, अंग कोमट होतं. तिचे केस मात्र हलायचे थांबले होते. मी तिला गदागदा हलवलं.

“केशर! कुणाला म्हणलीस पुरे? कुणाला म्हणलीस?”

तिनं डोळे किलकिले केले.

“त्या आजीला,” ती म्हणाली. “मी म्हणले, मला पुरे. आता मामाला घाल. त्याला लई उकडायलंय.”

ती पुन्हा झोपी गेली. मी तिच्यापाशी तसाच वाकून उभा होतो. दुकानात पान हलेल एवढासुद्धा वारा नव्हता. मग माझ्या मानेवर मागून पाण्याचा एक गार थेंब पडला.

मी मागे वळून पाहिलं नाही. पुरेही म्हणालो नाही.