पडद्यामागून पाहिलेला नकार

माझं कोणी खरं मानलं नाही. फौजदाराने नाही, टॉकीजच्या मालकाने नाही, माझ्या सख्ख्या नवऱ्यानेही नाही. म्हणतो, "साके, तू पडद्याच्या मागे बसली होतीस. मागून सगळं उलटं दिसतं." अरे गाढवा, मागून डाव्याचं उजवं होतं. होकाराचा नकार होत नाही!

तर पोरींनो, दिवेलागण होऊन गेली, तुम्ही विचारलंही आहे, तेव्हा गुमान ऐका. मध्ये खिदळलात तर मी उठून जाईन.

कार्तिकातला तिसरा सोमवार. पांडवपुऱ्यात आमची टॉकीज आहे, पूर्वी तिथे तंबू होता म्हणून अजून सगळे तिला तंबूच म्हणतात. मी तिथे बायकांच्या दाराशी तिकिटं फाडते आणि शो सुटला की झाडू मारते. बावीस वर्षं झाली. तेव्हा चालू असलेल्या प्रेमाच्या पिक्चरला त्या दिवशी एकोणपन्नास दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी पन्नासावा. हिरोचा चाळीस फुटी कटआउट बाहेर उभा, त्याला हार, आणि सकाळी वरून दुधाचा अभिषेक. दूध चाहता मंडळाच्या अध्यक्षाने रात्रीच आणून टाकलं. चार मोठे कॅन.

"साकम्मक्का, हे पडद्यामागे ठेव. तिथे गार असतं. शो सुटेपर्यंत हलायचं नाही, मांजरं फार झालीत."

"मांजरांचं सोड, तुझी पोरंच अर्धं पितील."

"आमची पोरं दूध पितात होय? तेवढी चांगली असती तर काय पाहिजे होतं!" असं म्हणून हसला. पांढरा शर्ट, पांढरी लुंगी, कपाळाला विभूती. गावात सगळे त्याला अध्यक्षच म्हणायचे.

मी कॅन एकेक करून ओढत नेले. माझं मन कॅनमध्ये नव्हतं. माझा धाकटा भाऊ सिद्धराजू, आमच्या टॉकीजचा ऑपरेटर, एकोणीस दिवस कोठडीत होता. मंगळवारी सकाळी त्याला म्हैसूरच्या जेलात हलवणार होते. खुनाच्या आरोपाखाली.

खून चंदनाचा. टॉकीजसमोर ब्लाउज शिवायची, एकवीस वर्षांची पोरगी. तिचं आणि सिद्धराजूचं माघात लग्न ठरलं होतं. आणि अध्यक्षाला ती हवी होती.

त्या पिक्चरमध्ये हिरो पोरीच्या दारासमोर चाळीस दिवस उभा राहतो. ती नाही म्हणते, नाही म्हणते, नाहीच म्हणते. शेवटी भर पावसात तो स्वतःचा तळहात कापतो, मग ती जिना उतरून खाली येते आणि मान हलवून होकार देते. तिथे अख्खी टॉकीज ओरडते, "हो म्हण! हो म्हण!" कागदाचे कपटे उडतात, शिट्ट्या होतात. अध्यक्ष हे रोज बघायचा आणि दुसऱ्या दिवशी चंदनाच्या दुकानासमोर जाऊन उभा राहायचा. बायका तिलाच म्हणायच्या, "अगं, किती उन्हात उभा राहतो बिचारा, हो म्हणून टाक की!" तिची आईसुद्धा म्हणाली. चंदना मला म्हणाली होती, "अक्का, पिक्चरमधली हो म्हणते, कारण तिला तसं लिहून दिलंय. मला कोणी लिहून दिलेलं नाही."

दिवाळीच्या अमावस्येला ती रात्री घरी आलीच नाही. सिद्धराजू शो लावून तासभर तिला शोधत फिरला. सकाळी ती कालव्यात सापडली. गळा या कानापासून त्या कानापर्यंत. तो तासभर कुठे होता, एवढाच प्रश्न विचारून पोलिसांनी त्याला उचललं. तीन बोटांची नखं उपटली आणि कागदावर अंगठा घेतला. अध्यक्षाने तिच्या तिरडीला खांदा दिला. रडलासुद्धा. सगळ्या गावाने बघितलं.

मी कोणाकडे बोट दाखवणार? पुरावा काय माझ्याकडे?

तर मी पडद्यामागे दुधापाशी बसले. साडेनऊचा शो. पडद्याला बारीक बारीक भोकं असतात, आवाज बाहेर जावा म्हणून. मागून पिक्चर फिका दिसतो, आणि नीट डोळा लावला तर भोकांतून समोरची माणसंही दिसतात. पहिल्या रांगेत अध्यक्ष. पायाशी कोयता. सकाळी केळीचे खांब आणि नारळ कापायला आणलेला.

बाराला दहा मिनिटं कमी. पाऊस सुरू झाला, पडद्यावरचा. हिरोने हात कापला. ती जिना उतरली.

"हो म्हण! हो म्हण!"

ती थांबली. तीस फुटी चेहरा. मी हा पिक्चर दीडशे वेळा ऐकलाय, ती कुठे श्वास घेते ते मला पाठ आहे. त्या जागी ती हसते.

हसली नाही.

मान हलली... डावीकडे. मग उजवीकडे. सावकाश. परत एकदा.

नाही.

गळ्यापाशी काहीतरी काळं होतं. आडवं. ते रुंद होत गेलं...

लोक ओरडतच होते. कपटे उडतच होते. त्यांना काही दिसलंच नाही. सहाशे माणसांत एकच माणूस उभा राहिला होता. कोयता हातात.



तो धावत आला. पहिला घाव माझ्या डोक्याच्या वर हातभर. पडदा टरकन फाटला. दुसरा घाव. तिसरा स्पीकरच्या वायरीवर बसला आणि... आवाज गेला. सगळा. पाऊस नाही, गाणं नाही. आणि त्या शांततेत तो किंचाळला,

"नाही म्हणतेस? अजून नाही? कालव्यावर गळा चिरला तरी नाहीच?"

सहाशे लोकांनी ऐकलं.

तो चिरेतून आत आला. माझ्याकडे बघितलंही नाही. माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेवर वार करत सुटला. कमरेच्या उंचीवर. मग गळ्याच्या. मग खाली वाकून, जणू कोणी पडलंय. "हो म्हण... हो म्हण..." मी हात मध्ये घातला, का घातला देव जाणे. ही बघा, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. फळीवर पडली, मी बघितली. मग मला राग आला. भीती नाही, राग! भरलेला कॅन दोन्ही हातांनी उचलला, रक्त गळत होतं तरी, आणि त्याच्या गुडघ्यावर घातला. हाड वाजलं. तो खाली. मग त्याचीच पोरं चिरेतून आत आली, ज्यांनी त्याच्या नावाच्या घोषणा दिल्या होत्या तीच, आणि त्यांनी त्याला लाथांनी तुडवला. दात उडाले. दूध सगळीकडे सांडलं होतं, त्यात रक्त, त्यात तो. एकजण रडत रडत मारत होता, "अध्यक्ष, मी तुझ्याबरोबर तिरडी उचलली रे! तुझ्याबरोबर उचलली!"

पोलीस आले तेव्हा तो जिवंत होता. जेमतेम.

मी फौजदाराला पहिल्यापासून सांगितलं. त्याने पोरांचे मोबाइल मागवले. चौघांनी तो प्रसंग टिपला होता. चारही मोबाइलमध्ये ती पोरगी हसते आणि होकार देते. "बघा बाई," फौजदार म्हणाला, "तो प्यायला होता आणि तुम्ही उलट्या बाजूला होता."

"आणि हे काय?" मी म्हणाले.

कोयता टेबलावर पडला होता. मुठीला केस गुंडाळलेले. हातभर लांब, काळे, इतके घट्ट की शिपायाला कात्रीने कापावे लागले. ओले. त्यांतून पाणी टपकत होतं, दूध नाही, पाणी... शेवाळाचा वास असलेलं. रात्रीच्या शोला एकही बाई नव्हती. पडद्यामागे मी एकटी. आणि माझं डोकं, भावासाठी नवस केला होता म्हणून, आठच दिवसांपूर्वी महादेश्वराच्या डोंगरावर मुंडन करून आलेलं. मी पदर काढून टक्कल दाखवलं त्याला.

शिपाई भिंतीकडे बघत होता. मग फौजदाराने पंचनाम्यात लिहिलं, "मुठीस काळा दोरा."

लिही बाबा. तुझी नोकरी आहे.

पहाटे चार वाजता सिद्धराजूला बाहेर आणलं. त्याला चालता येत नव्हतं. मला बघून एवढंच म्हणाला, "अक्का, तिला न्याय मिळाला का?" आधी कागद बघायचा होता मला. चौथीपर्यंत शिकले आहे, नाव वाचता येतं.

फौजदाराने सिद्धराजूच्या अंगठ्याचा जुना कागद फाडला, नवा घेतला. "आरोपी, चाहता मंडळाचा अध्यक्ष," असं पुटपुटत लिहायला लागला.

"अध्यक्ष नाही," मी म्हणाले. हाताला बांधलेलं फडकं भिजून टेबलावर ठिबकत होतं. "आईबापांनी ठेवलेलं नाव लिहा. पुरं लिहा. माझ्यासमोर लिहा."

"सांगा."

"तिम्मेगौडाचा मुलगा चेलुवराजू."